माडीची जमीन

मराठी बोलणारा मनुष्य दुसऱ्या मजल्यावर राहात असो कीं दहाव्या, हातांतून भांडें निसटलें म्हणजे तें ‘जमिनीवर’ पडलें असेंच तो म्हणतो. खरी जमीन त्याच्या पायांखालीं शंभर फुटांवर असते. तथापि ह्या शब्दप्रयोगांतील विसंगति बोलणाराच्या किंवा ऐकणाराच्या ध्यानांत येत नाहीं. इंग्रजी भाषेंत घराच्या तळभागास एक शब्द आहे व घराबाहेरच्या भूमीस दुसरा आहे. आमच्याकडे ‘भुई’ म्हटली तरी माती आणि ‘जमीन’ म्हटली तरी मातीच. ‘फरशी’ हा शब्द ज्या ‘फर्श’पासून आला त्याचा अर्थ अंथरलेली वस्तु असा आहे, व मराठींत तो दगडाला चिकटला. ज्या लांकडी पृष्ठभागावरून चालावयाचें त्याला तर रोजच्या बोलण्यांत शब्दच नाहीं. ही केवळ भाषेची उणीव आहे, कीं तिच्या मागें आमच्या घरबांधणीचा कांहीं इतिहास आहे, हा प्रश्न एका घरगुती प्रसंगानें आमच्यापुढें उभा राहिला. तो प्रसंग प्रथम सांगतों.

आमच्या एका जुन्या स्नेह्यांचा पुण्यांतील वाडा कांहीं वर्षांपूर्वीं पाडण्यांत आला. वांटेकरी पुष्कळ, भाडेकरी त्याहून पुष्कळ, भिंतींना ओल, आणि दुरुस्तीचा खर्च कोणीं करावा ह्याचा निर्णय होईना; तेव्हां अखेर तो पाडून नवी इमारत उठविण्याचें ठरलें. पाडकामाच्या वेळीं आम्ही तेथें गेलों होतों. माडीवरची माती फावड्यांनीं ओढून काढल्यावर खालीं सागवानी फळ्या उघड्या पडल्या. वरची बाजू मातीनें काळवंडलेली होती. पण एका सुतारानें तीवर रंधा मारून दाखवितांच आंतून मधासारखा रंग निघाला आणि सागाचा तेलकट वास सुटला. घरच्या मंडळींच्या हिशेबानें वाडा दीडशें वर्षांहून जुना होता. स्नेह्यांनीं त्यांपैकीं पुरेशा फळ्या जुन्या लांकडाच्या व्यापाऱ्यास न विकतां ठेवून घेतल्या व नव्या सदनिकेंतील बैठकीच्या खोलींत त्या खालीं बसविल्या. वडिलोपार्जित वास्तूचा एवढा तरी अंश आपल्याजवळ राहावा, ही त्यांची इच्छा. दोन पावसाळे गेले आणि फळ्यांच्या कडा वर उचलूं लागल्या. तिसऱ्या पावसाळ्यांत भिंतीलगतच्या दोन फळ्या राहुटीसारख्या उभ्या राहिल्या. दीडशें वर्षें ज्या लांकडास कांहीं झालें नाहीं तें तीन वर्षांत बिघडलें.

दोष कोणाचा, ह्याविषयीं घरांत एकमत नव्हतें. सुतार म्हणे, मोलकरीण पाणी फार घालते. मोलकरीण म्हणे, आजींनीं सांगितलें तसें मी करतें. स्नेह्यांच्या मातोश्री पंच्याऐंशीच्या घरांत आहेत. त्यांनीं आम्हांस लहानपणापासून पाहिलेलें असल्यामुळें आमच्या प्राध्यापकीचा त्यांच्यावर कांहीं परिणाम होत नाहीं. त्या म्हणाल्या, “अरे, ज्या खोलींत पाहुणा बसतो ती पाण्यानें पुसूं नये, हा कुठला नियम? लग्न होऊन आल्यावर पहिलीं वीस वर्षें ह्याच फळ्यांवरच्या मातीवर मी शेणानें सारवीत होतें. तेव्हां कशा नाहीं त्या उचलल्या?” ह्या प्रश्नाला आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. पुढील विवेचन हा तें उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम वाड्याची बांधणी पाहूं. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर थोड्याथोड्या अंतरानें आडव्या कड्या, आणि कड्यांवर फळ्या, अशी माडीची रचना असे. फळ्यांच्या ह्या आच्छादनास तक्तपोशी म्हणत. फारशींत तख्ता म्हणजे फळी व पोशी म्हणजे झांकण. ज्यास फळ्या परवडत नसत तो कड्यांवर बारीक काटक्यांची किलचण घाली. परंतु ह्या फळ्यांवर कोणी चालत नसे. त्यांवर मातीचा जाड थर पसरून तो चोपून बसवीत, व वर शेणाचें सारवण करीत. अधिक ऐपत असेल तर चुन्याचा कोबा करीत. म्हणजे माडीवर गेलेला मनुष्यहि मातीवरच उभा असे. माडीची ‘जमीन’ हा शब्दप्रयोग लाक्षणिक नसून अक्षरशः खरा होता. लांकूड पाहावयाचें असेल तर खालच्या सोप्यांत बसून मान वर करावी लागे. कडीपाटाचें घर हें ऐपतीचें लक्षण समजत, पण तो कडीपाट डोक्यावर असे. पायांखालीं माती ती मातीच.

इतकें मोलाचें लांकूड मातीखालीं कां पुरलें, असें परकीयास वाटेल. ह्याचीं कारणें आमच्या राहणींत आहेत. आमचे लोक भुईवर बसत, भुईवर जेवत आणि भुईवर निजत. बसण्याची जागा प्रत्येक पंक्तीनंतर पुन्हां शुद्ध झाली पाहिजे, आणि शुद्धि म्हणजे पाणी आणि शेण, ही कल्पना हाडींमासीं खिळलेली. उघड्या फळ्यांच्या फटींतून केर आणि धूळ खालच्या मजल्यावर बसलेल्यांच्या अंगावर गळे. पावलांचा आवाज होई. शेगडीचा निखारा पडला तर लांकूड जळे. मातीच्या थरानें ह्या सर्व अडचणी एकदम दूर केल्या. शिवाय उन्हाळ्यांत मातीचा गारवा मिळे तो वेगळाच.

पण मातोश्रींच्या प्रश्नाचें खरें उत्तर ह्याच रचनेंत अन्यत्र आहे. सारवणाचें पाणी मातीच्या वरच्या पापुद्र्यांत मुरे, आणि माती तें सावकाश हवेला परत देई. फळीपर्यंत त्याचा फारच थोडा अंश पोंचे. जो पोंचे त्यालाहि बाहेर पडण्यास वाट होती, कारण फळीची खालची बाजू सोप्याच्या हवेला अखंड उघडी होती. माती वरून ओल आवरी आणि खालची हवा उरलेली ओल काढून नेई. ह्याचा उलट पुरावाहि त्याच पाडकामांत आम्हांस पाहावयास मिळाला. फळ्या शाबूत होत्या, कड्यांचे मधले भाग शाबूत होते. परंतु कड्यांचीं जीं टोकें ओलसर भिंतींच्या पोटांत गेलेलीं होतीं त्यांचा भुसा झालेला होता. झाड एकच, सुतार एकच, वय एकच. पण एका टोंकास हवा मिळाली नाहीं. ज्या जागीं खरोखर पाणी ओतावयाचें त्या जागीं तर लांकूड घालण्याचा मोह आमच्या पूर्वजांस झालाच नाहीं. न्हाणी, हौद, स्वयंपाकघर हीं बहुधा खालच्या मजल्यावर दगडावर किंवा मातीवर असत.

आतां ह्या लांकडाविषयीं. सागास संस्कृतांत शाक म्हणतात व त्याचाच मराठींत साग झाला. इंग्रजी नांव मात्र मल्याळी ‘तेक्कु’वरून पोर्तुगीजांच्या मार्फत गेलें. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यास कठीण लांकूड म्हणतात तें प्रत्यक्षांत कठीण असतेंच असें नाहीं, हें येथें सांगणें अवश्य आहे. रुंद पानांच्या झाडांचें लांकूड तें कठीण, व सुईसारख्या पानांच्या देवदार-चीड वगैरे झाडांचें तें मऊ, अशी ती विभागणी आहे. बाल्सा हें कापसासारखें हलकें लांकूडहि शास्त्राच्या परिभाषेंत कठीण लांकडांतच मोडतें. सागहि कठीणपणांत अमेरिकेच्या तांबड्या ओकाहून कांहींसा कमीच भरतो. त्याचा मोठेपणा निराळ्या गुणांत आहे. त्याच्या अंगीं जन्मजात तेलकट द्रव्य असल्यामुळें पक्क्या लांकडास वाळवी व बुरशी सहसा लवकर लागत नाहीं, आणि ओलावा बदलला असतां तें इतर लांकडांच्या मानानें थोडें फुगतें व थोडें आटतें. कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताच्या कमानींस लावलेल्या सागवानी फासळ्या सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत. तेथें पाऊस आंत येत नाहीं आणि हवा सदैव खेळती असते.

असें लांकूड मिळविणें हा पूर्वीं राज्यकारभाराचा विषय होता. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाविषयीं स्पष्ट नियम आहे. साग वगैरे उपयोगाचीं झाडें राज्यांतील अरण्यांतून हुजूरच्या परवानगीनें तोडावीं, अधिक लागेल तें बाहेरून खरेदी करावें. आंब्या-फणसाच्या झाडांस मात्र हात लावूं नये, कारण रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, असा त्याचा आशय आहे. पुढें १७३० च्या जानेवारींत पहिल्या बाजीरावानें शनिवारवाड्याचा पाया घातला तेव्हां साग जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणला, असें सांगतात. वाड्याची वास्तुशांति १७३२ सालीं झाली. ह्याच वैभवाची दुसरी बाजू २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं दिसली. त्या दिवशीं लागलेल्या आगींत आंतील इमारती भस्म झाल्या, आणि दगडी तट, दरवाजे व जोतीं तेवढीं उरलीं. आज तेथें जाणारास जोत्यांवरून मजल्यांची कल्पना करावी लागते.

पश्चिम किनाऱ्यावर मात्र ह्याच सागावर लोक प्रत्यक्ष पाय ठेवून चालत होते. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले व त्यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत पिढ्यान्‌पिढ्या जहाजें बांधलीं. युरोपांतील दीर्घ युद्धांनीं इंग्लंडांत ओकचा तुटवडा पडला तेव्हां इंग्रजांच्या आरमारानें ह्या गोदीकडे जहाजें बांधावयास दिलीं. १८१७ सालीं मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत अद्याप तरंगत आहे. जहाजाच्या वरच्या तळाची निगा कशी राखीत तें पाहण्यासारखें आहे. खलाशी रोज सकाळीं समुद्राचें पाणी ओतून, मऊ वालुकाश्माच्या दगडांनीं फळ्या घांशीत. म्हणजे जें पाणी आमच्या स्नेह्यांच्या फळ्यांस बाधलें तेंच पाणी बादल्यांनीं त्या फळ्यांवर पडे, आणि त्या उत्तम राहात. ह्यांत विरोध दिसतो, पण तो खरा नाहीं. जहाजाच्या फळ्या सदैव ओल्या असल्यामुळें फुगून एकमेकींस घट्ट चिकटून राहात, व खारें पाणी कुजण्यास आळा घाली. वाड्यांतील फळ्या सदैव कोरड्या असत. दोन्हीकडे लांकडास एका स्थितींत राहूं दिलें होतें. लांकडाचा नाश मुख्यतः होतो तो आज ओलें, उद्यां कोरडें, वरून सुकें, खालून भिजलेलें, अशा ओढाताणीनें.

युरोपांत हा धडा राजवाड्यानेंहि खर्चून शिकून घेतला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याच्या व्हर्सायच्या राजवाड्यांत कांहीं दालनांना संगमरवरी तळ होता. तो सतत धुवावा लागे. धुण्याचें पाणी सांध्यांतून खालीं झिरपे आणि ज्या लांकडी कड्यांवर तो संगमरवर बसविलेला त्या कुजत. म्हणून १६८४ सालीं संगमरवर काढून त्याच्या जागीं लांकडाचे चौकोनी तक्ते तिरके बसविण्यास आरंभ झाला. ह्या नक्षीस आजहि व्हर्सायचेंच नांव आहे. आमच्याकडे लांकूड वांचविण्यासाठीं त्यावर माती घातली. त्यांच्याकडे लांकूड वांचविण्यासाठीं त्यावरचा दगड काढून दुसरें लांकूड घातलें आणि धुण्याची चाल सोडून मेण लावून घांसण्याची चाल धरिली. उपाय उलट असले तरी कारण एकच होतें. मात्र फ्रेंचांच्या उपायांत लांकूड पायांखालीं उघडें राहिलें, व तें राखण्याचें कसब समाजांत रुजलें. गुस्ताव्ह कायबोत ह्या चित्रकारानें १८७५ सालीं तीन मजूर गुडघ्यांवर बसून एका खोलीचा लांकडी तळ तासीत आहेत असें चित्र काढलें. त्या वेळच्या मान्यवर प्रदर्शनानें तें नाकारलें. आज तें पॅरिसच्या संग्रहालयांत आदरानें टांगलेलें आहे.

आमच्या इकडे पुढें काय झालें? एकोणिसाव्या शतकांत गोद्यांसाठीं, आणि १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाल्यावर रुळांखालच्या आडव्या लांकडांसाठीं, रानें झपाट्यानें तुटूं लागलीं. मलबारांत निलंबूर येथें कलेक्टर कॉनोली ह्यानें १८४० नंतरच्या दशकांत सागाची मुद्दाम लागवड आरंभिली. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनीं रानांवर सरकारी अंमल बसला. खेड्यांतील मनुष्याचा रानावरचा जुना हक्क आकसला, व शहरांतील घरांस ब्रह्मदेशचा साग येऊं लागला. मुंबईच्या चाळींचे जिने, सज्जे व तुळया ह्यांत तो पुष्कळ ठिकाणीं अद्याप दिसतो. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ सालीं जपान्यांनीं ब्रह्मदेश घेतल्यावर तो पुरवठाहि तुटला. दरम्यान आगगाडीनें शहाबादची फरशी घरोघर आणून पोंचविली. १९२२ सालीं मुंबईस भारत टाइल्स ही देशी कंपनी निघाली, आणि रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या मध्यमवर्गाच्या घरांत आल्या. मग सिमेंट व लोखंडाचा स्लॅब आला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें तेव्हां अनेक जुने वाडे बसले, व त्यांच्या जागीं स्लॅबच्याच इमारती उभ्या राहिल्या.

ह्या स्थित्यंतराचा एक परिणाम कोणाच्या फारसा ध्यानांत आला नाहीं. पूर्वीं बादलीभर पाणी ओतण्याची मुभा खालच्या मजल्यावरच्या दगडाला होती, माडीला नव्हती. स्लॅब व लाद्या आल्यावर प्रत्येक मजल्यावरची प्रत्येक खोली न्हाणीसारखी धुतां येऊं लागली. दोन पिढ्यांत घरच्या बायकांच्या व मोलकरणींच्या हातांस तीच संवय लागली, आणि स्वच्छ म्हणजे ओलें हें समीकरण पूर्वींपेक्षांहि पक्कें झालें. अशा घरांत आतां लांकूड परत आलें आहे, तें गरज म्हणून नव्हे तर हौस म्हणून. वस्तु आली, पण तिच्याबरोबर यावयास हवी ती रीत आली नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या खोलींत जें घडलें त्याचें मूळ कारण आमच्या मतें हेंच.

तेथें प्रत्यक्ष काय झालें तें आतां सहज समजेल. फळ्या स्लॅबवर थेट चिकटविलेल्या होत्या व वरून चकचकीत रोगण दिलेलें होतें. रोज सकाळीं ओल्या फडक्यानें पुसतांना पाणी दोन फळ्यांमधील सांध्यांतून खालीं उतरे. वरची बाजू पंख्यानें सुके; खालीं उतरलेलें पाणी स्लॅब आणि रोगण ह्यांच्यामध्यें कोंडलें जाई. फळीची खालची बाजू फुगली, वरची तशीच राहिली, म्हणून कडा उचलल्या. लांकूड लांबींत जवळजवळ वाढत नाहीं, वाढतें तें रुंदींत. त्यांतहि वर्षवलयांना समांतर चिरलेली फळी ही आडव्या चिरलेल्या फळीच्या सुमारें दुप्पट हालते. पुण्याच्या हवेंतील आर्द्रता पावसाळ्यांत शेंकडा ८० च्या वर जाते आणि एप्रिलच्या दुपारीं ३० च्याहि खालीं उतरते. तेवढ्यानें लांकडाच्या अंगच्या ओलाव्यांत शेंकडा ४ चा फरक पडला तरी दहा फूट रुंदीच्या खोलींतील सर्व फळ्या मिळून अर्ध्यापासून पाऊण इंचापर्यंत पसरूं पाहतात. सुतारानें फळ्या भिंतीस अगदीं भिडवून बसविल्या होत्या. त्यांस पसरण्यास जागा नव्हती, म्हणून त्या वर उठल्या.

तेव्हां ज्या कुटुंबांस आपल्या घरीं लांकडी तळ करावयाची इच्छा असेल त्यांनीं इतिहासापासून काय घ्यावें? निवड करतांना केवळ कठीणपणा किंवा रंग पाहूं नये. लांकूड किती मुरलेलें आहे हें प्रथम पाहावें. ब्रह्मदेशांत व मलबारांत सागाच्या बुंध्याभोंवतीं साल व कोवळें लांकूड कापून झाड उभ्याउभ्याच वाळवीत, व दोन-तीन वर्षांनीं पाडीत. तेवढा धीर आज बाजाराला नाहीं, पण भट्टींत नीट सुकविलेलें व ओलावा मोजून दिलेलें लांकूड मिळतें. जुन्या वाड्यांची फळी मिळाली तर तिच्यासारखी दुसरी नाहीं. मात्र तिच्यांतील जुने खिळे शोधून काढावे, कडेचा फिकट कोवळा भाग किडलेला असल्यास तासून टाकावा. पातळ थर आडवे-उभे चिकटवून केलेल्या फळ्या कमी हालतात, व सदनिकेंत त्यांचा उपयोग समंजसपणाचा आहे. १९७७ सालीं स्वीडनमध्यें निघालेला जो पत्र्यासारखा प्रकार लांकूड म्हणून स्वस्तांत विकला जातो, तो मात्र लांकडाच्या भुशावर लांकडाचें छायाचित्र चिकटवून केलेला असतो. त्याचा कोणास उपयोग होत असेल तर आमची तक्रार नाहीं. पण तो एकदां झिजला म्हणजे पुन्हां तासतां येत नाहीं, आणि नातवंडांच्या हातीं तो जावयाचा नाहीं.

बसविण्याच्या बाबतींत घाई हाच मोठा शत्रु. नवा स्लॅब महिनोन्‌महिने ओलावा सोडीत असतो. तो पुरता सुकल्यावांचून त्यावर लांकूड घालूं नये. फळ्या ज्या खोलींत बसवावयाच्या त्याच खोलींत कांहीं दिवस मोकळ्या रचून ठेवाव्या, म्हणजे तेथील हवा त्यांच्या अंगवळणीं पडते. स्लॅबवर ओल अडविणारें प्लास्टिकचें आवरण घालून त्यावर लांकडी पट्ट्यांची चौकट करावी व त्यावर फळ्या ठोकाव्या. वाड्यांतील फळीस खालून जी हवा मिळे तिची थोडी भरपाई ह्यानें होते. भिंतीशीं चारी बाजूंनीं अर्धा इंच तरी मोकळी जागा सोडून ती वरून पट्टीनें झांकावी. खोली रुंद असेल तर अधिक.

निगा राखण्यांत तर आमची एक जुनी चाल फार उपयोगाची आहे. लांकडाचा पृष्ठभाग पाण्याच्या खालोखाल बिघडतो तो पादत्राणांबरोबर आलेल्या वाळूनें. आणि दारांत वहाणा काढून आंत येण्याची चाल आमच्या घरांत आहेच. मऊ केरसुणीनें रोज झाडावें, कोरड्या फडक्यानें पुसावें. डाग पडलाच तर फडकें घट्ट पिळून घ्यावें व लगेच कोरडें करावें. जड सामानाच्या पायांस नमद्याचे तुकडे लावावे. तेल किंवा मेण दिलेला पृष्ठभाग वर्षाकांठीं पुन्हां तेल-मेण मागतो, पण त्यावरचा ओरखडा तेवढ्यापुरता बुजवितां येतो. जाड रोगणाचें तसें नाहीं. आणि फळ्या उचललेल्या दिसल्या तर तांतडीनें रंधा मारूं नये. त्या पूर्ण सुकेपर्यंत थांबावें. ओल्या असतांना उंच कडा तासल्या तर सुकल्यावर त्याच कडा खोल जातात.

आमच्या स्नेह्यांनीं हें ऐकून फळ्या उखडल्या, माडीवरच्या खोलींत मध्यें काड्या घालून एक संबंध उन्हाळा रचून ठेवल्या, आणि मग पट्ट्यांच्या चौकटीवर पुन्हां बसविल्या. दोन-तीन फळ्या मात्र कायमच्या गेल्या. शंभर वर्षें रानांत वाढलेलें आणि दीडशें वर्षें घरांत टिकलेलें लांकूड केवळ आमच्या अज्ञानामुळें सरपणांत जावें, ह्याचें वाईट वाटलें.

मातोश्रींस आम्हीं वरील सर्व उपपत्ति सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि मग आम्हांस ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “हें आमच्या सासूबाईंना ठाऊकच होतं. खालीं सारवायला शेणकाला पातळ चाले. माडीवर तो घट्ट लागे. पातळ झाला कीं फटींतून गळायचा, आणि खालीं मामंजी बसलेले असायचे.” म्हणजे वाड्यांत पाणी जास्त झालें तर घरच तत्क्षणीं बोलून दाखवी, आणि सून हाताला वळण लावून घेई. स्लॅब मात्र कांहीं बोलत नाहीं. तीन वर्षें गप्प राहतो व मग एकदम फळ्या उठवितो. जी गोष्ट आम्हीं ग्रंथांत व पाडकामांत शोधीत होतों ती त्या घरांतील बायकांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि सारवण बंद झालें तेव्हां ती कोणाला सांगण्याचें कारण उरलें नाहीं.

आतां त्या खोलींत कोरडें फडकें फिरतें. उंबऱ्यापाशीं मात्र हातभर रुंदीची दगडी पट्टी मातोश्रींनीं आग्रहानें बसवून घेतली आहे. तेथें त्या रोज सकाळीं पाणी शिंपडतात आणि रांगोळी काढतात. परवां आम्ही गेलों असतां नातवाच्या हातांतून पेला निसटला. “जमिनीवर सांडलं, आधीं टिपून घे,” असें त्या म्हणाल्या, आणि तें पोर धांवत जाऊन कोरडें फडकें घेऊन आलें.